शेकाबरोबर हार्मोनचं इंजेक्शन: शहात्तरीच्या अण्णांना द्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वडील शहात्तर वर्षांचे, मोहोळ तालुक्यात शेती. लघवीला त्रास होतो म्हणून तपासलं तर पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, २४ निघाला. बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ग्लीसन ४+४, म्हणजे ८. (कॅन्सर किती आक्रमक ते हा आकडा सांगतो, जास्त म्हणजे वाईट.) एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, हाडांचा स्कॅन स्वच्छ. बारा वर्षांपासून शुगर, बीपीची गोळी चालू, तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट. सोलापुरातल्या डॉक्टरांनी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं सांगितली. पुण्याच्या मेव्हण्यांनी कुठेतरी वाचलं की या इंजेक्शनांनी हार्ट अटॅक येतो. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो नुसता शेक घेऊ, दुसरा म्हणतो डॉक्टर सांगतील तसं करू. आणि अण्णा म्हणतात, मला आषाढीला पंढरपूरला चालत जायचंय, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा.

सोलापुरात शेक द्यायचं काम करता करता मला बावीस वर्षं झाली. पेशंट त्याला कधी शेक म्हणतात, कधी लाईट. हा प्रश्न ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा विचारणारा मुलगा किंवा जावई असतो, वडील बाहेर बाकावर बसलेले असतात.

तुमचे मेव्हणे खोटं सांगत नाहीत. डॉक्टरही चुकलेले नाहीत. दोघं वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलतायत, एवढंच. इंजेक्शन चांगलं की वाईट, असा हा प्रश्नच नाही. अण्णांना आधी कोण गाठणार, हा कॅन्सर की त्यांचं हृदय, हे बघायचं आहे. आणि त्याचं उत्तर वयाच्या दाखल्यावरून मिळत नाही.

हे इंजेक्शन करतं काय? प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवून दिलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. इंजेक्शन मेंदूखालच्या ग्रंथीकडून निघणारा हुकूम थांबवतं, वृषणांतलं उत्पादन बंद पडतं आणि कॅन्सरच्या पेशी उपाशी राहतात. शेकाबरोबर दिलं की गाठ आकसते, उरलेल्या पेशी शेकाला लवकर बळी पडतात, आणि स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या ज्या चार पेशी आधीच बाहेर सटकल्या असतील त्यांनाही दाणापाणी मिळत नाही. नुसता शेक या सटकलेल्यांपर्यंत पोचत नाही. ग्लीसन ८ मध्ये खरी भीती त्यांचीच असते.

फायदा किती, तर थोडाथोडका नाही. १९९७ साली युरोपातल्या बोला यांच्या गटाने ४१५ रुग्णांचा अभ्यास छापला. अर्ध्यांना नुसता शेक, अर्ध्यांना शेक आणि तीन वर्षं गोसेरेलिन हे हार्मोनचं इंजेक्शन. पाच वर्षांनी नुसत्या शेकवाल्यांपैकी ६२ टक्के हयात होते, इंजेक्शनवाल्यांपैकी ७९ टक्के. दहा वर्षांनी तोच आकडा साधारण ४० आणि ५८ असा झाला. तेव्हाचा शेक आजच्यापेक्षा कमी मात्रेचा होता, त्यामुळे आजच्या मशीनवर इंजेक्शनाची गरज उरली नसेल असं आमच्यातलेही काही जण म्हणायचे. पण २०२२ साली बारा अभ्यासांतल्या १०,८५३ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. शेकाची मात्रा कितीही असो, वय सत्तरच्या आत असो की पुढे, कॅन्सर लांब पसरण्याचं प्रमाण इंजेक्शनाने कमीच झालं होतं. म्हणून ‘आता वय झालं, कशाला इंजेक्शन’ हे वाक्य मी माझ्यापुरतं बंद केलंय.

आता मेव्हण्यांची बाजू. २००८ साली अमेरिकेतल्या डी’अमिको यांनी २०६ रुग्णांच्या अभ्यासाचा पुढचा हिशेब दिला. शेकाबरोबर सहा महिने इंजेक्शन घेतलेले एकूणात जास्त जगले. पण हा फायदा ज्यांना दुसरा मोठा आजार नव्हता त्यांच्यातच दिसला. ज्यांचे बाकीचे आजार मध्यम किंवा गंभीर होते, त्यांना आयुष्याचा फायदा झालाच नाही. पुढच्याच वर्षी पाच हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास आला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात नुसतं बीपी, शुगर किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांना शेकाआधीच्या इंजेक्शनाने मृत्यूचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. ज्यांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता किंवा हृदयाच्या ब्लॉकेजमुळे हार्ट फेल्युअर होतं, त्यांच्यात मात्र तो जवळजवळ दुप्पट होता. कुणाला इंजेक्शन द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेला तो अभ्यास नव्हता, आणि त्यांना शेक आतून, बारीक दाणे बसवून दिलेला होता. तरी मी त्याकडे दुर्लक्ष करत नाही. उलट २०११ साली आठ अभ्यासांतले ४,१४१ रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये हृदयाने मृत्यूचं प्रमाण सारखंच, अकरा टक्क्यांच्या आसपास निघालं. यावर मेव्हणे बोट ठेवून म्हणतील की बघा, डॉक्टरांचंच एकमत नाही. पण अशा अभ्यासांत मुळात धडधाकट माणसं जास्त घेतात. हृदय कमकुवत असलेला म्हातारा त्या यादीत पोचतच नाही, तो थेट आमच्या ओपीडीत येतो.

म्हणून मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, जी तुम्ही लिहिलेली नाही. स्टेंट का बसवला होता? अटॅक आला होता, की चालताना छातीत भरून यायचं म्हणून अँजिओग्राफी केली आणि एक ब्लॉकेज सापडला? घरच्या बोलण्यात दोन्हीला ‘अटॅक आला होता’ असंच म्हणतात. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. आणि एक ताजा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हृदयाचं पंपिंग पंचावन्न-साठ टक्के असेल तर आपलं बोलणं एका दिशेला जाईल, पस्तीस असेल तर दुसऱ्या.

समजा अटॅक आलेला नव्हता, पंपिंग चांगलं आहे आणि अण्णा शेतात फिरतात. मग ग्लीसन ८ आणि पीएसए २४ या जोडीला मी नुसता शेक देणार नाही. यातली एक गोष्ट असली तरी कॅन्सर जास्त जोखमीचा ठरतो, इथे दोन्ही आहेत. मात्र हेच हृदय असून ग्लीसन ३+४ आणि पीएसए ८ असता, तर मी इंजेक्शन सोडून दिलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो. आणि पंपिंग तीस टक्के असेल, सहा महिन्यांपूर्वीच अटॅक येऊन गेला असेल, माणूस दोन खोल्या चालला की धापा टाकत असेल, तर ग्लीसन ८ असूनही मी कार्डिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय एक सुई टोचत नाही. कधी कधी त्या बोलण्यातून निघतं की शेक तेवढा देऊ, इंजेक्शन नको. त्यात कुणी हयगय केली असं नसतं.

दोन वर्षं हा आकडाही दगडावरची रेघ नाही. कॅनडातल्या नाबिद यांनी जास्त जोखमीच्या रुग्णांत ३६ आणि १८ महिन्यांची तुलना केली, आणि आयुष्यमानात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हृदयाची शंका असलेल्या पंचाहत्तरीपुढच्या माणसाला मी बहुधा अठरा महिने धरून चालतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा समोर बसवून हिशेब करतो. आणखी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही. या वयात शेवटचं इंजेक्शन संपलं म्हणजे हार्मोन लगेच परत येत नाही. वर्ष लागतं, काहींचं येतच नाही. दोन वर्षांचा कोर्स म्हणजे शरीराच्या हिशेबात तीन वर्षं किंवा जास्तही.

इंजेक्शन कोणतं, यावर फार डोकं फोडू नका, पण थोडं समजून घ्या. ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही एका घराण्यातली. ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत हार्मोन उलट वाढवतात, म्हणून सुरुवातीला बायकॅल्युटामाइडची गोळी जोडतात. ती गोळी चुकवू नका. लघवीला आधीच त्रास असलेल्या माणसाची लघवी याच दिवसांत अडकू शकते. डेगारेलिक्स दुसऱ्या घराण्यातलं, दर महिन्याला पोटावर घ्यायचं, त्यात ही वाढ होत नाही. ते हृदयाला जास्त सुरक्षित असेल अशी आशा होती. हृदयविकार असलेल्याच ५४५ रुग्णांवरच्या २०२१ च्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही, पण तो अभ्यास अर्ध्यातच थांबला. त्याच घराण्यातल्या रेलुगोलिक्स या गोळीच्या २०२० च्या अभ्यासात हृदयाच्या मोठ्या घटना २.९ टक्के, ल्यूप्रोलाइडमध्ये ६.२ टक्के होत्या. ती गोळी रोज न चुकता घ्यावी लागते, आणि महाग औषध मध्येच सोडलं तर फायदा पाण्यात. मी स्वतः पूर्वीच्या हृदयविकाराच्या रुग्णाला, परवडत असेल तर, दुसऱ्या घराण्याकडे झुकतो. परवडत नसेल तर ल्यूप्रोलाइड देतो आणि ते पैसे स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), इको आणि शुगरवर लावायला सांगतो.

कुणी सुचवेल की इंजेक्शनांचा खर्च कशाला, ऑपरेशन करून वृषणच काढून टाका, एकदाच काय ते होईल. पसरलेल्या कॅन्सरमध्ये तो चांगला आणि स्वस्त उपाय आहे, आपल्याकडे खूप होतो. पण शेकाबरोबर ठराविक महिन्यांसाठीच हार्मोन बंद ठेवायचं असेल, तर कायमचं ऑपरेशन त्या हिशेबात बसत नाही. हृदयाने मध्येच कुरकुर केली तर इंजेक्शन थांबवता येतं. शेक महात्मा फुले योजनेत बसतो. इंजेक्शनाचं काय, ते तुमच्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

सगळे हृदयाबद्दल विचारतात. हाडांबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला जास्त धडा हाडांनीच शिकवलाय. काही वर्षांपूर्वी अशोक चौकाच्या बाजूचे एक आजोबा होते, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, अंगकाठी बारीक, बिडी कधी सुटली नाही. दोन वर्षं इंजेक्शनं घेतली. पीएसए ०.१ च्या खाली. दर वेळी मी आकडा बघायचो, हसायचो, ‘पास झालात’ म्हणायचो. शेवटच्या इंजेक्शनानंतर चार महिन्यांनी पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण माणूस पुन्हा धड उभा राहिला नाही. मी त्यांची फाइल उघडून बसलो. पीएसएचे नऊ रिपोर्ट होते. हाडांची घनता मोजणारा डेक्सा एकही नव्हता. ती फाइल माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हे.

अमेरिकेतल्या पन्नास हजार रुग्णांच्या नोंदी २००५ साली तपासल्या, तेव्हा पाच वर्षं जगलेल्यांपैकी हार्मोन उपचार घेतलेल्या १९.४ टक्के लोकांचं हाड मोडलेलं होतं, न घेतलेल्यांत १२.६. आता मी पहिल्या इंजेक्शनाआधीच डेक्सा आणि व्हिटॅमिन डी करतो. आपल्याकडे एवढं ऊन, तरी डी कमी निघालं की लोक चकित होतात. अण्णांचंही कमी निघालं तर नवल नाही. कॅल्शियम आणि डी सुरू करायचं, हाडं आधीच ठिसूळ असतील तर झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब हे हाडांचं औषध द्यायचं. त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे एक चक्कर. हलणारे दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या, कारण या औषधांनंतर दात काढला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. आणि न्हाणीत एक दांडा बसवून घ्या. गवंडी एका सकाळीत लावून जातो.

शुगर वाढेल, हे धरून चाला. हार्मोन बंद झालं की स्नायू झिजतात, पोटावर चरबी चढते, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. बारा वर्षांची शुगर असलेल्या अण्णांची एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आत्ता, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी बघा, आणि शुगरच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन सुरू झाल्याचं आवर्जून सांगा. हिमोग्लोबिनही थोडं उतरतं, दम लागतो, आणि घरचे त्याला कॅन्सर वाढला समजून घाबरतात. खाण्यात ज्वारीची भाकरी आहे ती राहू द्या, पण भाकरी, ठेचा आणि शेंगाचटणी एवढ्यावर स्नायू टिकत नाहीत. डाळ घट्ट हवी. खात असतील तर रोज दोन अंडी द्या.

ओपीडीत मी एक साधी गोष्ट करतो. हात न टेकता खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, असं सांगतो आणि घड्याळ बघतो. दहा-बारा सेकंदांत जमलं तर मला धीर येतो. वीस लागले, किंवा उठतानाच गुडघ्यावर हात टेकले, तर कागदावरचं शहात्तर हे वय मी मनातल्या मनात पंच्याऐंशी करतो. तुम्ही घरी आजच करून बघा, आणि आकडा लिहून डॉक्टरांकडे न्या.

सोलापूरचा उन्हाळा आणि हे इंजेक्शन यांचं एक वेगळंच नातं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेलेला असतो, आणि त्यात आतून झळा येतात. ‘डाक्टर, अंगातनं वाफा निघायल्यात,’ असं एका तात्यांनी सांगितलं, त्याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. रात्री बनियन भिजून पिळून काढायची वेळ येते. धोका नसतो, पण झोप उडते आणि झोप उडाली की माणूस चिडतो. फारच त्रास झाला तर औषधं आहेत. मूड बिघडतो, याची घरच्यांना आधी कल्पना द्या. आयुष्यभर आवाज चढवून बोललेला माणूस टीव्हीवरच्या मालिकेत लग्न बघून रडायला लागतो, आणि सुना एकमेकींकडे बघतात. गप्प गप्प राहू लागले, जेवण टाकलं, तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.

शेकाचे स्वतःचे त्रास थोडक्यात सांगतो. आज बरेचदा चार आठवड्यांत वीस वेळा देतात. लघवीला जळजळ, रात्री चार-पाच वेळा उठणं, शौचाला घाई, हे शेवटच्या आठवड्यांत येतं आणि बहुतेकांचं महिना-दोन महिन्यांत उतरतं. रोज शेकाच्या वेळी पोटातली लघवीची पिशवी भरलेली आणि शौच झालेलं हवं. मोहोळहून एसटीने येणार असाल तर घरून पाणी पिऊन निघू नका, हॉस्पिटलात पोचल्यावर प्या. नाहीतर बसमध्येच हाल होतात आणि मशीनवर पिशवी रिकामी. स्टेंटसाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर काही महिन्यांनी शौचातून थोडं रक्त दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून ती गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. स्टेंट बंद पडणं हे त्या रक्तापेक्षा कितीतरी भारी पडेल.

नपुंसकत्व येतं. हे वाक्य तुमच्या प्रश्नात नव्हतं, आणि बहुधा डॉक्टरांसमोरही कुणी उच्चारलं नसेल. इच्छाच जाते. मुलाने विचारायचा हा विषय नाही हे मला कळतं, पण ‘आता या वयात काय’ असं तुम्ही परस्पर ठरवू नका. अण्णांना एकट्याला दहा मिनिटं डॉक्टरांजवळ बसू द्या आणि तुम्ही बाहेर चहा घ्या. जमलं तर आईलाही बोलवा.

राहता राहिली आषाढी. आम्ही बहुधा आधी इंजेक्शन सुरू करतो आणि साधारण दोन महिन्यांनी शेक. म्हणजे डॉक्टरांशी बोलून तारखा अशा लावता येतात की वारी त्या मधल्या काळात पडेल. कार्डिओलॉजिस्टने इको बघून होकार दिला, तर मी अण्णांना अडवणार नाही. चालणं हेच या इंजेक्शनावरचं सगळ्यात चांगलं औषध आहे, स्नायूंना, शुगरला आणि हाडांनाही. मोहोळहून पंढरपूर एका दमात करू नका, तीन दिवसांत वाटून घ्या, रोज सकाळीच चाला. शुगरच्या माणसाच्या पायाला फोड आला तर कळत नाही, म्हणून मुक्कामाला कुणीतरी त्यांचे तळवे बघावेत. खिशात गोळ्यांची चिठ्ठी आणि स्टेंटचं कार्ड असू द्या. आणि ते चालायला लागण्याआधी, आजपासूनच, रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याबरोबर बांधावरून फिरा. धाप कुठे लागते, छातीत कुठे भरतं, हे इकोपेक्षा आधी तुम्हालाच कळेल.